जुन्या ट्रॅक्टरला कोणतं पुस्तक लागतं?

ऑक्टोबर छाटणी झाली की तासगावच्या द्राक्षपट्ट्यात ट्रॅक्टरला उसंत नसते. डोळे फुटून कोवळी पानं उलगडली आणि नेमका त्याच आठवड्यात पाऊस झाला, तर डाऊनी रोगाच्या धास्तीने मणेराजुरीपासून सावळजपर्यंत पहाटे चारलासुद्धा ब्लोअरचा आवाज येतो. अशा वेळी ट्रॅक्टर बंद पडला तर 'उद्या बघू' म्हणता येत नाही. रोग उद्यापर्यंत थांबत नाही.

नव्या ट्रॅक्टरची गोष्ट सोपी असते. शोरूमला फोन केला की वॉरंटीत माणूस येतो. पण या भागात ज्याच्या दारात नवा छोटा बागेतला ट्रॅक्टर आहे, त्याच्याच शेडमध्ये बऱ्याचदा एक जुनाही उभा असतो. थोरल्यांनी घेतलेला, पस्तीस एचपीचा, तीस-चाळीस वर्षं झालेला. शेणखत ओढायला, नांगरटीला, बेदाणा शेडवरून मार्केटला न्यायला अजून तोच लागतो. शोरूममधल्या तरुण मेकॅनिकने तो आयुष्यात कधी खोललेला नसतो. ज्या मिस्त्रींनी तो पन्नास वेळा खोलला, ती पिढी आता थकली. त्यांच्या डोक्यात जे होतं ते कागदावर फारसं उतरलं नाही. म्हणून जुन्या ट्रॅक्टरचं चांगलं मॅन्युअल ही आज गरजेची वस्तू झाली आहे. ते निवडताना काय पाहायचं, हा या प्रकरणाचा विषय.

'मॅन्युअल' या एका नावाखाली दुकानदार तीन वेगळी पुस्तकं विकतो. पहिलं चालकाचं पुस्तक. ट्रॅक्टर नवा घेताना किल्लीबरोबर मिळतं ते. तेल कोणतं, किती, किती तासांनी बदलायचं, कोणता दांडा कशाचा, इतकं त्यात असतं. दुसरं वर्कशॉप मॅन्युअल. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, मागची हाउसिंग, हायड्रॉलिक कसं खोलायचं, कसं मोजायचं, कसं बांधायचं, हे त्यात येतं. ते मुळात कंपनीच्या डीलरकडच्या मेकॅनिकसाठी लिहिलेलं असतं. तिसरं पार्ट्स बुक. त्यात वाक्यं जवळजवळ नसतात. सुटे भाग हवेत पसरल्यासारखे काढलेले असतात आणि प्रत्येकाला नंबर असतो.

लोक सहसा वर्कशॉप मॅन्युअलच्या मागे लागतात आणि उरलेल्या दोघांना कमी लेखतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी चालकाचं पुस्तक, मग पार्ट्स बुक आणि शेवटी वर्कशॉप मॅन्युअल. असं का म्हणतो, ते एका नेहमीच्या तक्रारीवरून कळेल.

"मिस्त्री, लिफ्ट उचलंना झालीय."

"तेल बघितलं काय, दादा?"

"तेल हाय की भरपूर. काल सांजंपातूर चालत होती."

आता मिस्त्री घाईतला असेल तर सीट काढणार, लिफ्टच्या कव्हरचे बोल्ट खोलणार आणि चेन ब्लॉक लावून ते जड बिडाचं कव्हर उचलणार. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ही कृती तपशिलात दिलेलीच असते. पण फर्ग्युसन घराण्याच्या, म्हणजे मॅसीच्या, जुन्या रचनेत हायड्रॉलिकचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये, तेलात बुडालेला, पीटीओच्या, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या, शाफ्टवर बसवलेला असतो. पीटीओचा दांडा न्यूट्रलला राहिला तर पंप फिरतच नाही, मग लिफ्ट उचलणार कुठून? आदल्या दिवशी ब्लोअर सोडताना कुणीतरी दांडा मधे ठेवलेला असतो, एवढंच. ही गोष्ट चालकाच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर सापडते. वर्कशॉप मॅन्युअल लिहिणारा मात्र वाचकाला हे ठाऊक आहे असं धरून चालतो आणि थेट पंपाच्या व्हॉल्व्हवर जातो. चार तासांचं काम आणि नवं गॅस्केट एका दांड्यापायी वाया जातं. चालकाचं पुस्तक स्वस्त असतं, पातळ असतं, अनेक कंपन्या ते मराठीतही देतात. ते आधी घ्यावं.

आता नावाचा घोटाळा. 'मॅसीचं मॅन्युअल द्या' म्हणून मागितलं तर हातात काय पडेल याचा नेम नाही. यामागचा इतिहास माहीत असलेला बरा.

हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने तीन ठिकाणी अवजार जोडायची आणि हायड्रॉलिकने ते उचलायची पद्धत सिद्ध केली. आज जगातला जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर तीच वापरतो. त्याचा टीई-२० हा छोटा करडा ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला बनू लागला आणि दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक निघाले. १९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. १९५६ मध्ये टीई-२० च्या जागी ३५ हे मॉडेल आलं. पुढे कंपनीचं नाव मॅसी फर्ग्युसन झालं आणि हाच ट्रॅक्टर एमएफ ३५ म्हणून ओळखला जाऊ लागला.

एमएफ ३५ हे नाव एक, पण त्याच्या बॉनेटखाली वेगवेगळी इंजिनं आहेत. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या डिझेल ट्रॅक्टरला स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. ते थंडीत सुरू व्हायला त्रास द्यायचं, म्हणून १९५९ च्या अखेरीपासून पर्किन्सचं तीन सिलिंडरचं ३.१५२ इंजिन बसू लागलं. यातला ३ हा सिलिंडरचा आकडा, १५२ ही घनइंचांतली क्षमता, म्हणजे अडीच लिटर. शिवाय ब्रिटनमध्ये पेट्रोलवर चालणारेही ३५ होते. अमेरिकेत बनलेल्या ३५ ला तर बहुतेक काँटिनेंटल कंपनीचं पेट्रोल इंजिन असायचं. म्हणजे कुणी हौसेने अमेरिकेतून 'एमएफ ३५' चं मॅन्युअल मागवलं तर त्यातला मोठा भाग कार्बोरेटर, स्पार्क प्लग आणि डिस्ट्रिब्युटरवर खर्च झालेला सापडेल. त्या पुस्तकातला गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचा भाग कामाला येईल, इंजिनाचा येणार नाही.

भारतात या घराण्याचे ट्रॅक्टर टॅफे या कंपनीने बनवायला घेतले. टॅफेची स्थापना १९६० मध्ये चेन्नईत, मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने झाली. इंजिनं चेन्नईच्याच सिम्पसनची, पर्किन्सच्या रचनेवरची. तासगाव-मिरज भागात ज्याला लोक नुसतं 'दहा-पस्तीस' म्हणतात, तो एमएफ १०३५ याच वंशातला. त्यामुळे जुन्या ब्रिटिश ३५ च्या मॅन्युअलमधलं बरंचसं त्याला लागू पडतं. बरंचसं म्हणजे सगळं नव्हे. इंजिनात पुढे बदल होत गेले. नावापुढे 'डीआय' आलं, म्हणजे डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारणारी रचना आली. त्याबरोबर हेड बदललं, पिस्टन बदलले, नोझल बदलले. हेड बांधताना जुन्या रचनेची मापं नव्या हेडला लावली तर गॅस्केट उडालंच म्हणून समजा.

म्हणून पुस्तक शोधायच्या आधी ट्रॅक्टरपाशी जायचं, वायर ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन. चिखल, ग्रीस आणि दोन-तीन वेळा मारलेला रंग खरवडला की चेसिसवरची पट्टी आणि इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर दिसतो. दोन्ही लिहून घ्यायचे आणि मग आरसी बुकावरच्या नंबरांशी पडताळायचे. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बऱ्याचदा बदललेलं असतं. एखाद्याने भंगारातल्या ट्रॅक्टरचं चांगलं इंजिन आणून बसवलेलं असतं, आणि आधीच्या मालकाने ते सांगितलेलं नसतं. एमएच-१० ही सांगलीची नंबरप्लेट १९८९ नंतरची. त्याआधीच्या तीन अक्षरी नंबराचा ट्रॅक्टर असेल तर त्यात काय-काय बदललं गेलं असेल याची यादी लांबच असते. पुस्तक घ्यायचं ते आत्ता आत बसलेल्या इंजिनाचं. कागदावरच्या इंजिनाचं घेऊन उपयोग नाही.

बाकीच्या घराण्यांचंही थोडक्यात. महिंद्राचा इंटरनॅशनल बी-२७५ हा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटनमधल्या डॉनकास्टर कारखान्यातून आलेला. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून तो इथे बनवायला कंपनी काढली. त्यामुळे त्याचं ब्रिटिश वर्कशॉप मॅन्युअल बऱ्यापैकी जुळतं. स्वराज मात्र देशी. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आराखडा झाला आणि १९७४ मध्ये पंजाबात पहिला ७२४ निघाला. परदेशी पुस्तकात तो सापडणार नाही. स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे गेला, आणि १९५९ पासून ट्रॅक्टर बनवणाऱ्या आयशरचा ट्रॅक्टर विभाग २००५ मध्ये टॅफेकडे. जुन्या कंपनीचा पत्ता बंद दिसला तरी पुस्तकाची चौकशी आजच्या मालक कंपनीच्या डीलरकडे करता येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

खरी अडचण अनाथ ट्रॅक्टरांची. एचएमटीने १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवले. दोन सिलिंडरचा २५११ अजूनही कुठे कुठे धडधडताना दिसतो. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. नाशिकला जर्मनीच्या डॉइट्झच्या सहकार्याने किर्लोस्करांनीही ट्रॅक्टर काढले होते, ते तर कधीच थांबले. असा ट्रॅक्टर ज्याच्याकडे आहे त्याने वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स बुक दोन्ही मिळेल त्या किमतीला घ्यावं, असं मी निःसंकोच सांगेन. झेटरच्या बाबतीत एक दिलासा आहे. त्यांनी दोन, तीन आणि चार सिलिंडरचे ट्रॅक्टर एकाच आराखड्यावर, शक्य तितके समान भाग ठेवून काढले होते. त्यामुळे तिथे घराण्याचं मिळून एकच मॅन्युअल असलं तरी ते प्रत्येक मॉडेलला नीट लागू होतं. बाकी कंपन्यांची 'सर्व मॉडेल्स' असं छापलेली पुस्तकं पाहून मात्र सावध व्हावं. अमेरिकेत आय अँड टी नावाने निघणाऱ्या पुस्तकांत एका भागात पाच-सहा मॉडेल्स कोंबलेली असतात. आकड्यांचे तक्ते चांगले असतात, पण खोलण्याची कृती तीन ओळींत संपते. ज्याने आधी काम केलंय त्याला ती पुरते, नवख्याला नाही.

पार्ट्स बुक दुसऱ्या क्रमांकावर का, हे सुटे भाग आणायला गेलेल्या माणसाला सांगायला नको. गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं, त्यावरचा नंबर घासून पुसलाय, दुकानदार विचारतो 'कुठलं?' पार्ट्स बुकात त्या जागी बेअरिंगचा नंबर असतो. समजा तो ६३०८ आहे. हा नंबर कोणत्याही ट्रॅक्टर कंपनीचा नसून जगभर चालणारा आहे. ६३०८ म्हणजे आतून ४० मिलिमीटर, बाहेरून ९०, जाडी २३. सांगलीच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात तो मिळतो आणि 'ओरिजिनल पार्ट'च्या डब्यातल्या किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. ऑइल सीलचंही तसंच, तीन मापं कळली की काम झालं. शिवाय पार्ट्स बुकातल्या चित्रात भाग ज्या क्रमाने ओवलेले असतात तोच बसवण्याचा क्रम असतो. पातळ वॉशर सर्क्लिपच्या आत की बाहेर, हा प्रश्न ते चित्र एका नजरेत सोडवतं. वर्कशॉप मॅन्युअल त्यावर अर्धं पान लिहितं आणि तरी शंका राहते.

आता वर्कशॉप मॅन्युअल. ते हातात घेतल्यावर पहिलं प्रकरण उघडू नका. पहिलं असतं इंजिनाचं, आणि इंजिन बांधायला येत नाही असा मिस्त्री या भागात शोधून सापडणार नाही. सरळ हायड्रॉलिकचं प्रकरण काढा. पुस्तक कसं आहे ते तिथे कळतं.

दहा-पस्तीसच्या घराण्यात टॉप लिंकच्या टोकाला एक जाडजूड स्प्रिंग असते. नांगर जमिनीत ओढला जाताना टॉप लिंक ही स्प्रिंग दाबते. ओढ वाढली की तो दाब आतल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो आणि हायड्रॉलिक नांगर किंचित वर घेतं. ओढ कमी झाली की परत खाली सोडतं. तासगावच्या पूर्वेकडच्या मुरमाड रानातून काळ्या रानात शिरताना जे आपोआप होतं ते हेच. ही स्प्रिंग बसवताना नियम असा की मागे-पुढे जराही हलता कामा नये. ती ढिली राहिली तर नांगर उड्या मारतो, एका सरीत खोल, दुसरीत उथळ. मग लोक फाळाला दोष देतात, ड्रायव्हरला दोष देतात. चांगल्या मॅन्युअलमध्ये या स्प्रिंगचं वेगळं चित्र असतं, कोणता नट फिरवायचा ते दाखवलेलं असतं आणि झालेलं काम बरोबर आहे की नाही हे हाताने कसं तपासायचं तेही असतं. वाईट मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, 'स्प्रिंग योग्य प्रकारे ॲडजस्ट करा.' असं वाक्य ज्या पुस्तकात दोन-तीनदा सापडेल ते परत ठेवून द्यावं.

दुसरी कसोटी झिजेची. नव्या भागाचं माप प्रत्येक पुस्तक देतं. जुन्या ट्रॅक्टरवाल्याला हवं असतं ते पुढचं माप: किती झिजेपर्यंत चालेल आणि कुठे टाकून द्यायचं. लायनर किती ओव्हल झाला तर बदलायचा, क्रँकची जर्नल किती घासली तर ग्राइंड करायची, क्राउन-पिनियनला किती लाग ठेवायचा. या मर्यादा नसतील तर सगळा निर्णय 'चालतंय की' आणि 'नवीनच टाका' यांच्यामध्ये लोंबकळतो. पहिल्यात इंजिन जातं, दुसऱ्यात पैसे.

झिजेच्या मर्यादा पाहायला एक सरकारी वाटही आहे. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टर ठराविक तास राबवून नंतर खोलतात आणि भाग मोजतात. चाचणी अहवालात मोजलेलं माप आणि त्याच्या शेजारी कंपनीने दिलेली झिजेची कमाल मर्यादा छापलेली असते. अशा चाचणीचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं. तिथे निकृष्ट ट्रॅक्टर विकून शेतकऱ्यांना फसवलं गेलं, तेव्हा १९१९ मध्ये कायदाच झाला की चाचणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. आपल्या मॉडेलचा बुदनीचा अहवाल मिळाला तर तो मॅन्युअलला जोडून ठेवावा. दुरुस्तीची कृती त्यात नसते, पण त्यातले आकडे कंपनीच्या जाहिरातीतले नसून मोजलेले असतात.

तिसरी कसोटी मापांची, आणि इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. ब्रिटिश पुस्तक इंच, पौंड-फूट आणि गॅलनमध्ये बोलतं. झेटरचं मिलिमीटर आणि किलोग्रॅम-मीटरमध्ये. हल्लीची न्यूटन-मीटरमध्ये. ६० पौंड-फूट म्हणजे ८.३ किलोग्रॅम-मीटर म्हणजेच ८१ न्यूटन-मीटर, सगळा जोर एकच. टॉर्क रेंच एका मापाचा आणि पुस्तक दुसऱ्या मापाचं असेल तर एक तर हेडचा बोल्ट तुटतो, नाहीतर ढिला राहून गॅस्केट जातं. पर्किन्सच्या ३.१५२ ला व्हॉल्व्हचा गॅप इंजिन थंड असताना इंचाचे बारा हजारांश, गरम असताना दहा हजारांश. म्हणजे मिलिमीटरमध्ये अनुक्रमे ०.३० आणि ०.२५. थंड की गरम हे न सांगता नुसता आकडा देणारं पुस्तक अर्धवट समजावं. गॅलनचं तर आणखी वेगळं. दहा गॅलन म्हणजे ब्रिटिश मापात ४५ लिटर आणि अमेरिकन मापात ३८. मागच्या हाउसिंगमध्ये तेल किती टाकायचं हे ठरवताना पुस्तक कुठल्या देशात छापलंय ते आधी बघा, आणि शेवटचा शब्द डिपस्टिकचा माना.

नट-बोल्टांचीही हीच गत. आपल्याकडे मिस्त्री अजून सुतात बोलतात. आठ सुतांचा इंच, म्हणजे चार सुती बोल्ट अर्ध्या इंचाचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर आणि त्याच्या बारीक आट्यांचं अंतर १.२७ मिलिमीटर. बारा मिलिमीटरच्या बारीक आट्यांच्या मेट्रिक बोल्टचं अंतर १.२५. हा मेट्रिक बोल्ट अर्ध्या इंचाच्या नटात सरळ आत जातो, थोडा ढिला लागतो एवढंच. ताण आला की आटे सोलून हातात येतात. ब्रेकच्या किंवा मागच्या चाकाच्या जवळपास असं झालं तर माणूस जातो. जुन्या मॅसीला इंची आटे, झेटरला मेट्रिक. मॅन्युअलच्या सुरुवातीला आट्यांचा तक्ता असतो, तो कंटाळवाणा म्हणून सोडून देऊ नये. आधीच्या मिस्त्रीने मिळेल तो बोल्ट ठोकलाय का, हे त्या तक्त्यावरूनच कळतं.

डिझेल पंपाबद्दल उलट कसोटी लावावी. चांगलं ट्रॅक्टर मॅन्युअल पंप कसा उतरवायचा, खुणा कशा जुळवायच्या, एअर कसा काढायचा एवढं सांगून थांबतं आणि पंप टेस्ट बेंचवर पाठवायला सांगतं. जे पुस्तक शेडमध्ये बसून पंप खोलायला शिकवतं त्यापासून लांब राहावं. टेस्ट बेंचशिवाय पंपाचं कॅलिब्रेशन होत नाही, कितीही हुशार हात असला तरी.

आज बहुतेक जुनी मॅन्युअल्स स्कॅन होऊन पीडीएफमध्ये फिरतात आणि झेरॉक्सवाला ती स्पायरल करून देतो. यात वाईट काही नाही, पण पैसे देण्याआधी तीन जागा बघाव्या. मोठी घडीची पानं, म्हणजे वायरिंग आणि हायड्रॉलिकचे नकाशे, पूर्ण आलेत की कडेने कापले गेलेत. दशांश चिन्हं शाबूत आहेत की पुसट स्कॅनमध्ये उडाली आहेत. आणि पानांचे क्रमांक सलग आहेत का. गिअरबॉक्सच्या मधोमध चार पानं गायब असतील तर ती कळतात ट्रॅक्टर दोन तुकड्यांत उभा असताना. ट्रॅक्टर असा तोडायचा असेल तर पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायला पुस्तक सांगतं. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलता असतो, पाचर नसेल तर इंजिन एका अंगावर कलंडतं. हे पान स्कॅनमधून गेलं असेल तर ते पुस्तक घेऊ नका, फुकट मिळालं तरी.

भाषेचा प्रश्न मात्र खराखुरा आहे, आणि तो मला बोचतो. तासगावपासून थोड्याच अंतरावर, पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवला. लोखंडाने जमीन नासेल असं लोकांना वाटत होतं, तेव्हा नुसती वस्तू बनवून भागत नव्हतं, समजावून सांगावं लागत होतं. १९२० पासून तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, ते सुरुवातीला कारखान्याची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्यासाठीच. पुढे त्याचं मोठं मासिक झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या मुलखात शंभर वर्षांपूर्वी यंत्राबद्दल मराठीत छापलं जात होतं, तिथे आज हायड्रॉलिकचं प्रकरण मराठीत मागितलं तर दुकानदार मान हलवतो. वर्कशॉप मॅन्युअल्स सहसा इंग्रजीतच मिळतात.

तोवर करता येण्यासारखं थोडं आहे. आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि त्याची पुस्तकं चेन्नईची निमी ही सरकारी संस्था काढते. एका ट्रॅक्टरचं मॅन्युअल म्हणून ती चालणार नाहीत, पण क्लच, डिफरन्शियल, पीटीओ कसं काम करतं हे चित्रांसकट कळायला उत्तम आहेत. हे समजलं की इंग्रजी मॅन्युअलमधलं वाक्य अर्धं चित्रावरूनच लागतं. घरात डिप्लोमा किंवा आयटीआय करणारी मुलगी-मुलगा असेल तर काम चालू असताना तिलाच किंवा त्यालाच पुस्तक घेऊन शेजारी बसवावं. एकाने वाचायचं, मिस्त्रीने पाना चालवायचा. मिस्त्रीचा अनुभव आणि पुस्तकातला आकडा जुळला नाही तर काम थांबवून दोघांनी पुन्हा मोजायचं. पुष्कळदा मिस्त्री बरोबर निघतो, कारण ट्रॅक्टर मधे कुणीतरी बदललेला असतो.

हे बदल कुठल्याच छापील पुस्तकात नसतात. क्रँक एकदा ग्राइंड झाला की त्याला दहा हजारांशांनी अंडरसाइज बेअरिंग लागतं, दुसऱ्यांदा वीस, तिसऱ्यांदा तीस. पुस्तक तिन्ही मापं देतं, तुमचा क्रँक कितव्या पायरीवर आहे ते त्याला माहीत नसतं. म्हणून मॅन्युअलच्या आतल्या कोऱ्या पानांवर, पेनाने, मराठीत लिहीत जावं. इंजिन नंबर. क्रँक कितीला ग्राइंड केला, कोणत्या तारखेला. लायनर कोणत्या कंपनीचे. मागच्या हाउसिंगमध्ये प्रत्यक्षात किती लिटर तेल बसलं. कोणता बोल्ट मूळचा नाही आणि त्याजागी काय घातलंय. पंप कधी बेंचवर गेला. ट्रॅक्टर विकायची वेळ आली तर आरसी बुकाबरोबर हे पुस्तकही घेणाऱ्याच्या हातात द्यावं, आणि जुना ट्रॅक्टर घेताना आपणही ते मागावं.